छोटा क्लेम घेतला की गाडीचं रिन्यूअल नक्की किती वाढतं? आणि कशामुळे?

अनघा_प
घरातल्या गाडीच्या विम्याचे गेल्या वर्षीचे आणि यंदाचे कागद समोर ठेवून विचारते आहे. गाडी पेट्रोल, ११९७ सीसी, पुण्यात नोंदलेली, पुढच्या महिन्यात तीन वर्षं पूर्ण. गेल्या वर्षी सगळं मिळून ११,३७४ रुपये भरले. यंदा नोटीस आली आहे १९,४६४ ची. म्हणजे ८,०९० जास्त.

मधल्या काळात एकच क्लेम झाला. पार्किंगच्या खांबाला मागचा बंपर घासला, बिल ९,८०० झालं, झीरो डेप (घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याची घट, न कापणारं जादा संरक्षण) होतं, कंपनीने ८,४०० दिले.

प्रश्न तीन. ही सगळी वाढ त्या क्लेममुळेच आहे का? नुसतं कळवलं असतं आणि पैसे घेतले नसते तरी असंच झालं असतं का? आणि पुढच्या वेळी किती खर्चापर्यंत क्लेमच्या वाटेला जाऊ नये?

खानदेशी
एनसीबी (क्लेम न केल्याचा बोनस, हप्त्यातली सवलत) गेला, दुसरं काय! ८,४०० घेतले आणि ८,०९० परत दिले.

मिलिंद७२
फक्त एनसीबी नाही. अपघात नोंदला गेला की थर्ड पार्टीचा (टीपी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा) हप्तासुद्धा वाढवतात. गाडी 'रिस्की' म्हणून लागते.

रानवारा
मिलिंद, हे चूक आहे. खासगी गाडीचा टीपी हप्ता कंपनी ठरवतच नाही, तो सरकारी अधिसूचनेने ठरतो. १ जून २०२२ पासूनचे दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४, त्यापुढे १५०० पर्यंत ३,४१६, आणि १५०० च्या वर ७,८९७. तुम्ही दहा वेळा ठोकलीत काय आणि कधीच नाही ठोकलीत काय, आकडा तोच. एनसीबीसुद्धा टीपीवर मिळत नाही, फक्त ओडीवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळतो.

अनघाताई, एकूण आकड्यावरून काहीच कळणार नाही. दोन्ही कागदांमधला हप्त्याचा तपशील ओळीओळीने टाका. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), मूळ ओडी, एनसीबी, अ‍ॅड-ऑन, टीपी, पीए (वैयक्तिक अपघात संरक्षण), जीएसटी. मला एक शंका आहे, पण आधी आकडे बघू.

अनघा_प
गेल्या वर्षी: आयडीव्ही ७,००,०००. मूळ ओडी ९,६५२. एनसीबी २५ टक्के, म्हणजे वजा २,४१३. झीरो डेप २,४००. टीपीच्या रकान्यात काहीच नाही. जीएसटी १,७३५.

यंदा: आयडीव्ही ६,००,०००. मूळ ओडी ९,८४९. एनसीबी शून्य. झीरो डेप २,९००. टीपी ३,४१६. मालक-चालक पीए ३३०. जीएसटी २,९६९.

रानवारा
शंका खरी निघाली. नव्या गाडीला १ सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा टीपी सुरुवातीलाच घ्यावा लागतो. तुमचा टीपी गाडी घेतानाच भरून झाला होता, म्हणून दोन रिन्यूअलना तुम्ही फक्त ओडी भरलात. ती तीन वर्षं आता संपत आहेत. चौथ्या वर्षाच्या नोटिशीत टीपी पहिल्यांदाच दिसतो आणि लोक समजतात क्लेमची शिक्षा झाली.

टीपी आणि पीए मिळून ३,७४६, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४,४२०. तुमच्या ८,०९० मधले हे ४,४२० क्लेम नसता घेतला तरी आलेच असते. अर्ध्याहून जास्त वाढीचा त्या बंपरशी संबंध नाही.

खानदेशी
मग माझा वरचा हिशोब मागे घेतो. पण उरलेले ३,६७० तरी क्लेमचेच ना?

शून्यशंभर
नाही. खरा फटका त्याहून मोठा आहे, कारण तुलना गेल्या वर्षाशी करायची नसते, क्लेम नसता तर यंदा काय भरलं असतं त्याच्याशी करायची असते.

एनसीबीची पायरी २०, २५, ३५, ४५, ५० अशी चढते. यंदा ३५ मिळायला हवे होते. २५ गेले एवढंच नाही, ३५ गेले.

दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. आयडीव्ही सात लाखांवरून सहा लाखांवर आली, मग मूळ ओडी कमी व्हायच्या ऐवजी वाढला कसा? जुन्या टॅरिफचा, म्हणजे दर खुले होण्याआधीच्या ठरावीक दरपत्रकाचा, दर धरून बघा. पुणे झोन अ मध्ये आहे, १००० ते १५०० सीसी, पाच वर्षांच्या आतली गाडी, दर ३.२८३ टक्के. सात लाखांवर २२,९८१ होतात. तुम्ही भरलेत ९,६५२, म्हणजे कंपनीने ५८ टक्के सूट दिली होती. सहा लाखांवर होतात १९,६९८ आणि तुम्हाला लावलेत ९,८४९, म्हणजे सूट बरोब्बर ५० टक्के. ओडीचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले आहेत, त्यामुळे ही सूट किती द्यायची हे कंपनीच्या हातात आहे. क्लेम झालेल्या गाडीची सूट कमी करतात आणि हे नोटिशीत कुठेही 'वाढ' म्हणून लिहिलेलं नसतं. तो आकडा असा उलटा काढावा लागतो.

आता क्लेम नसता तर: १९,६९८ वर ५८ टक्के सूट, ८,२७३ उरतात. त्यावर ३५ टक्के एनसीबी, ५,३७७ उरतात. तुम्ही भरणार ९,८४९. फरक ४,४७२, करासकट ५,२७७. हा फक्त पहिल्या वर्षाचा.

अनघा_प
'पहिल्या वर्षाचा' म्हणजे? पुढच्या वर्षी २० टक्के मिळेल ना?

शून्यशंभर
मिळेल, पण क्लेम नसता तर तेव्हा ४५ मिळाले असते. एनसीबीचं नुकसान पाच रिन्यूअल चालू राहतं. तुमचं उदाहरण: क्लेम नसता तर ३५, ४५, ५०, ५०, ५०. क्लेम घेतल्यावर ०, २०, २५, ३५, ४५. फरक ३५, २५, २५, १५, ५. बेरीज १०५ टक्के. म्हणजे एका वर्षाच्या अख्ख्या मूळ ओडीपेक्षा थोडं जास्तच.

प्रत्येक पायरीसाठी ही बेरीज मांडून ठेवा, क्लेम करण्याआधी एवढं पुरतं. चालू पॉलिसीवर एनसीबी शून्य असेल (नव्या गाडीचं पहिलं वर्ष) तर एका क्लेमने पाच वर्षांत मूळ ओडीच्या ५० टक्के जातात. २० असेल तर ८०. २५ असेल तर १०५. ३५ असेल तर १२०. ४५ किंवा ५० असेल तर १२५.

आयडीव्हीबरोबर मूळ ओडी उतरत जातो हे धरून तुमच्यासाठी ९,८००, ८,२००, ७,५००, ७,०००, ६,५०० असे आकडे घेतले तर एनसीबीचं नुकसान ८,७३० येतं, जीएसटी धरून १०,३०१. मिळाले ८,४००. कमी झालेली सूट यात धरलेलीच नाही.

कोल्हापुरी_साज
हिशोब सुंदर आहे, पण एक बाजू राहिली. पाच वर्षांत पुढे मोठा अपघात झालाच तर एनसीबी तेव्हाही जाणारच आहे. मग आज वाचवलेला बोनस उद्या वाया. त्यामुळे १०५ टक्के हा जास्तीत जास्त तोटा झाला, खात्रीचा नाही. शहरात रोज गाडी चालवणाऱ्याने त्यातले साठ-सत्तर टक्केच धरावेत असं मला वाटतं.

शून्यशंभर
मान्य. वरचा आकडा ही कमाल मर्यादा. गाडी दोन वर्षांत विकून पुन्हा कधीच घेणार नसाल तरीही तोटा कमी होतो. पण गाडी बदलणार असाल तर कमी होत नाही, कारण एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो.

गॅरेजकट्टा
क्लेमच्या दुसऱ्या बाजूचंही बोलू या, बिलाचं. ९,८०० च्या बिलात कंपनीने १,४०० का कापले हे ताईंनी विचारलं नाही, पण सांगतो. १,००० कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममधली सक्तीची वजावट (१५०० सीसीपर्यंत १,०००, त्यावर २,०००), ते झीरो डेपमध्येही कापलं जातं. उरलेले ४०० क्लिपा-स्क्रूचे असणार, कन्झ्युमेबल कव्हर (अशा किरकोळ वस्तूंचं जादा संरक्षण) नसेल तर ते मिळत नाहीत.

आता महत्त्वाचं. घासलेला बंपर बदलावाच लागतो असं नाही. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा फक्त वरच्या क्लिअर कोटमध्ये आहे, रबिंग-पॉलिशने जातो. नख अडकतं पण प्लॅस्टिक फाटलेलं नाही, तर एक पॅनल रंगवून भागतं. फाटलं असेल पण माउंटिंगचे कान शाबूत असतील, तर प्लॅस्टिक वेल्डिंग करून रंग मारता येतो. कान तुटले असतील तर मात्र बदला, नाहीतर बंपर खडखडत राहतो आणि फेंडरजवळची फट वाढत जाते. पत्र्याला खड्डा पडला आणि रंग शाबूत असला तर रंग न काढता आतून दाबून खड्डा काढणारे कारागीर आहेत.

सर्व्हिस सेंटरचा सल्लागार 'इन्शुरन्समध्ये करून टाका' म्हणणारच, त्याला नवा भाग विकायचा असतो. आधी एस्टिमेट मागा आणि त्यात भाग, रंग, मजुरी वेगळी लिहून घ्या. क्लेम नंबर त्यानंतर.

सावंतवाडीकर
गॅरेजकट्टा यांच्या यादीत एक भर. पत्रा उघडा पडला असेल तर क्लेम करा न करा, पण तसाच सोडू नका. कोकणात एका पावसाळ्यात दाराच्या खालच्या कडेला गंज धरतो आणि मग तो रंगाखालून पसरतो. गंज हा झिजेत मोडतो, विमा त्याचे पैसे देत नाही. बंपर प्लॅस्टिकचा, त्याला थांबायला हरकत नाही.

निवृत्त_सर्व्हेअर
चर्चा चांगली चालली आहे. काही गोष्टी नेमक्या सांगतो.

झीरो डेप नसेल तर घसारा असा लागतो: प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी, टायर, एअरबॅग यांवर ५० टक्के. फायबर ग्लासवर ३०. काचेवर काहीही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४०, त्यापुढे ५०. रंगकामात फक्त मालाच्या किमतीवर ५० टक्के कापतात, आणि बिल एकत्र असेल तर माल २५ टक्के धरतात.

यावरून करून बघा. बंपर ४,९००, रंग ३,६००, मजुरी ९००, क्लिपा ४००. झीरो डेप नसतं तर बंपरचे २,४५०, रंगाचे ३,६०० वजा ४५० म्हणजे ३,१५०, मजुरी ९००. एकूण ६,५००, त्यातून १,००० वजा. हातात ५,५००. असा क्लेम करणं म्हणजे उघड तोटा.

दुसरं. पुढचा बंपर एका दिवशी आणि मागचं दार दुसऱ्या दिवशी लागलं असेल तर ते दोन अपघात आहेत, दोन क्लेम, दोन वजावटी. 'एकाच वेळी झालं' असं लिहून द्यायला गॅरेजमध्ये कुणी सांगितलं तर ऐकू नका. ओरखड्याची दिशा, उंची, समोरच्या वस्तूचा उमटलेला रंग यावरून सर्व्हेअरला लगेच कळतं आणि मग अख्खा क्लेम नाकारला जाऊ शकतो. बऱ्याच पॉलिसींत झीरो डेपवर वर्षाला दोनच क्लेम असतात हेही लक्षात ठेवा.

तिसरं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. बंपरचा बाहेरचा ओरखडा बघून 'क्लेम नको' असं ठरवू नका. आतला आडवा बीम वाकला आहे का, पार्किंग सेन्सरची बैठक तुटली आहे का, पुढच्या बाजूला रडार असेल तर ते हललं आहे का, हे बंपर उतरवून बघायला सांगा. रडार पुन्हा जुळवून घ्यायचा खर्च कधी कधी बंपरपेक्षा जास्त असतो. दुरुस्ती करून झाल्यावर कंपनीला कळवलंत तर सर्व्हे करायला काही उरत नाही.

अनघा_प
निवृत्त_सर्व्हेअर, मनापासून आभार. मग माझा दुसरा प्रश्न तुम्हालाच. आधी कळवलं, सर्व्हे झाला आणि मग विचार बदलला तर?

निवृत्त_सर्व्हेअर
कंपनीने पैसे दिले नसतील तर एनसीबी जाण्याचं कारण नाही. सर्व्हे झाल्यावरही क्लेम मागे घेता येतो. पण फोनवर सांगून सोडू नका. फोन किंवा अ‍ॅपवर कळवताक्षणी क्लेम नंबर पडतो आणि तो सिस्टिममध्ये 'चालू' दिसत राहतो. क्लेम नंबर लिहून ईमेल करा की मी हा क्लेम मागे घेत आहे, कोणतीही रक्कम घेतलेली नाही, कृपया शून्य रकमेने बंद केल्याचं लेखी कळवा. ते उत्तर जपून ठेवा. रिन्यूअलच्या नोटिशीत तरीही एनसीबी शून्य आला तर तेच पत्र दाखवायचं.

त्याने भागलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, मग विमा नियामकाचं विमा भरोसा पोर्टल, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही.

लेस्टरकर
इथे ब्रिटनमध्ये नेमकं उलट आहे, म्हणून लिहितो, इथल्या मराठी मंडळींचा यात नेहमी गोंधळ होतो. इथे पैसे घेतले नाहीत, नुसतं कळवलं, तरी ती घटना विमा कंपन्यांच्या सामाईक नोंदीत जाते. तिला सीयूई म्हणतात. नवं कोटेशन घेताना साधारणपणे गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्या घटना विचारतात, चूक कुणाचीही असो, क्लेम केलेला असो वा नसो, आणि त्यावर हप्ता वाढू शकतो. लपवलं तर पॉलिसी रद्द होऊ शकते. 'प्रोटेक्टेड' बोनसमुळे सवलतीची टक्केवारी टिकते, पण मूळ हप्ता वाढायचा तो वाढतोच. आपल्या नावावर काय नोंदलं आहे ते फुकट मागवता येतं, चुकीची नोंद दुरुस्तही करून घेता येते. रिन्यूअलआधी ते जरूर करा.

मिलिंद७२
एनसीबी प्रोटेक्ट भारतातही आहे ना? मग हा एवढा खटाटोप कशाला?

शून्यशंभर
आहे, पण तो क्लेमच्या आधी घेतलेला असावा लागतो आणि किती क्लेमपर्यंत चालतो हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. लेस्टरकर म्हणतात ते इथेही लागू: एनसीबी राहिला तरी कंपनी आपली सूट ५८ वरून ५० वर आणू शकते. ४५-५० च्या पायरीवर असाल तर घेण्यासारखा आहे. पहिल्या वर्षी एनसीबीच नसतो, तेव्हा त्यावर पैसे घालू नका.

कोल्हापुरी_साज
थोडं विषयांतर, पण उपयोगी. गाडी विकताना जुन्या कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीला लावता येतं. विकत घेणाऱ्याला तो बोनस मिळत नाही. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की पन्नास टक्के असले तरी शून्य.

खानदेशी
समजा पॉलिसी संपायच्या आठवडाभर आधी ठोकली. तोपर्यंत रिन्यूअल बोनससकट भरून झालेलं. आता?

निवृत्त_सर्व्हेअर
अपघात जुन्या पॉलिसीच्या काळातला, क्लेम जुन्या पॉलिसीवर. पण नवी पॉलिसी 'क्लेम नाही' या घोषणेवर मिळालेली आहे, आणि ती घोषणा खोटी ठरली तर ओडीचे सगळे लाभ जातात. म्हणून त्याच दिवशी ईमेल करा आणि एनसीबीचा फरक भरून पॉलिसी दुरुस्त करून घ्या. कंपनी बदलली असेल तर हे जास्तच जरूरीचं, कारण नवी कंपनी जुन्या कंपनीकडून एनसीबीची खात्री करून घेते. आज दडवलेला बोनस पुढच्या मोठ्या अपघाताच्या वेळी बाहेर येतो.

सावंतवाडीकर
आणि एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हा सगळा हिशोब फक्त स्वतःच्या गाडीच्या ओरखड्यासाठी आहे. माणसाला लागलं असेल, अगदी खरचटलं असेल, तर हिशोब करत बसू नका. दवाखाना, पोलीस, विमा कंपनी, तिघांनाही कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ते चालकाचं कर्तव्यच आहे. समोरचा आज 'काही नाही' म्हणतो आणि दावा काही महिन्यांनी येतो. नुसत्या टीपी दाव्याने एनसीबी जात नाही, त्यामुळे ती भीतीही नको.

अनघा_प
बरंच कळलं. आता शेवटचं. कंपनी बदलली तर काही फरक पडेल का? आणि तिसऱ्या प्रश्नाचं एका आकड्यात उत्तर द्या.

शून्यशंभर
एनसीबी कुठेही गेलात तरी शून्यच, आणि क्लेम झाला होता हे खरंच सांगायचं. पण सूट प्रत्येक कंपनीची वेगळी. आयडीव्ही सहा लाख आणि झीरो डेप कायम ठेवून तीन कोटेशनं घ्या आणि फक्त मूळ ओडीची तुलना करा. एकूण आकडा पाहू नका, काही ठिकाणी आयडीव्ही गुपचूप पाच लाखांवर आणून हप्ता स्वस्त दाखवतात. ८,५०० च्या खाली मिळाला तर बदला.

आकडा: यंदा एनसीबी शून्य, म्हणून क्लेमचा तोटा मूळ ओडीच्या ५० टक्के, म्हणजे करासकट साधारण ५,०००, वर १,००० वजावट. यंदा ६,००० पर्यंतचं काम खिशातून करा. एनसीबी पुन्हा ३५-४५ वर गेला की मर्यादा ९,००० ते १०,००० पर्यंत जाईल, तेव्हाच्या ओडीवर पुन्हा काढा.

गॅरेजकट्टा
छोटे क्लेम करायचेच नाहीत असं ठरवलं असेल तर ऐच्छिक वजावटीचंही कोटेशन मागा. जुन्या टॅरिफमध्ये ५,००० च्या वजावटीला ओडीवर २५ टक्के, पण कमाल १,५०० सूट होती. आता कंपनीप्रमाणे बदलते. पाचशे-सातशेच वाचत असतील तर घेऊ नका, मोठ्या अपघातात तेच पाच हजार जड जातात.

रानवारा
अनघाताई, पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा. नव्या टीपीची सुरुवात जुना तीन वर्षांचा टीपी संपतो त्याच्या लगेच पुढच्या क्षणापासून आहे ना? ओडी आणि टीपीच्या तारखा एकाच दिवशी संपतात असं गृहीत धरू नका, जुन्या पॉलिसीवर दोन्ही वेगळ्या छापलेल्या असतात. आणि ते ३३० चं पीए. गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याकडे दुसऱ्या गाडीवर किंवा वेगळं घेतलेलं १५ लाखांचं अपघात संरक्षण असेल तर ते दुसऱ्यांदा घ्यावं लागत नाही. नोटिशीत ते आपोआप येतं, काढायला सांगावं लागतं. करासकट ३८९ रुपये.

अनघा_प
स्कूटरवर आहे १५ लाखांचं पीए, त्याच नावावर. काढायला सांगते.